व्हॅम्पायर कशाला घाबरतो, आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भयकथा वाचणाऱ्यांच्या गप्पांत व्हॅम्पायर निघाला की अर्ध्या तासात गाडी एकाच जागी येऊन अडते: ऊन लागलं तर तो मरतो की नुसता मलूल होतो? एकाने कादंबरी वाचलेली असते, दुसऱ्याने सिनेमा पाहिलेला असतो, तिसरा कॉम्प्युटर गेममधले नियम सांगत असतो. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असतात. अशा भांडणांतून जमलेले प्रश्न इथे एकत्र केलेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बाल्कन प्रदेशातल्या गावकऱ्याला पडलेला प्रश्न होता, "मेलेला माणूस खड्ड्यातून परत येऊ नये म्हणून काय करायचं?" लेखकाला आणि दिग्दर्शकाला पडलेला प्रश्न होता, "नायकाने याला हरवायचं कसं?" पहिल्यातून पुरण्याच्या चालीरीती निघाल्या, दुसऱ्यातून खेळाचे नियम. आज आपण दोन्हींची मिसळ खातो आणि ती एकाच कढईतली समजतो.

उन्हाने व्हॅम्पायर जळून खाक होतो, ही समजूत किती जुनी आहे?

शंभर वर्षांहून थोडी जास्त, बस्स. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनमध्ये एफ. डब्ल्यू. मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू' या मूकपटाचा पहिला खेळ झाला. त्यात नायिका काउंट ऑरलॉकला कोंबडा आरवेपर्यंत आपल्याजवळ थांबवून ठेवते. पहाटेचं ऊन खिडकीतून आत येतं आणि काउंट धूर होऊन विरून जातो. ठळकपणे उन्हाने मेलेला पहिला नावाजलेला व्हॅम्पायर हाच.

त्याआधीचे व्हॅम्पायर दिवसाढवळ्या हिंडत. पोलिडोरीच्या १८१९ सालच्या कथेतला लॉर्ड रुथवेन लंडनच्या उच्चभ्रू घरांत ऊठबस करतो. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) जोनाथन हार्कर या तरुण इंग्रज वकिलाला काउंट ड्रॅक्युला दिसतो तो लंडनच्या पिकाडिलीत, भर दिवसा. दिवसा त्याची शक्ती आटलेली असते, हवं तेव्हा रूप बदलता येत नाही, एवढंच. उलट एकोणिसाव्या शतकातल्या गोष्टींत चंद्रप्रकाश अंगावर पडला की मेलेला व्हॅम्पायर पुन्हा उठतो. म्हणजे उजेडाने मरणं दूरच, उजेड हे त्याचं औषध!

लोककथांत ऊन मारक नसतं, वेळ महत्त्वाची असते. कोंबडा आरवायच्या आत थडग्यात परत गेलं पाहिजे, हा सर्बियाकडचा नियम आपल्याकडच्या कुठल्याही आजीला समजावून सांगावा लागणार नाही. पण तोही सगळीकडे नव्हता. ऑगस्तँ काल्मे या फ्रेंच धर्मगुरूने १७४६ साली या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. पोलंड आणि रशियाकडचे व्हॅम्पायर दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत फिरतात, असं वर्णन त्यात आलं आहे. अगदी टळटळीत दुपारी.

मग सिनेमावाल्यांनी ते बदललं का?

गोष्ट चोरलेली होती म्हणून बदलली, असं कुणी कुणी सांगतं. चोरी खरी आहे. प्राना-फिल्म या कंपनीने स्टोकरच्या कादंबरीचे हक्क न घेता, नावं बदलून सिनेमा काढला. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. तरी काही प्रती वाचल्या आणि त्यांच्याबरोबर उन्हाचा नियमही वाचला.

पण चोरी लपवायला शेवट बदलला, हे मला पटत नाही. कादंबरीचा शेवट म्हणजे घोडेस्वार, जिप्सी, बर्फ, पाठलाग. तेवढा खर्च करण्यापेक्षा एक खिडकी, एक बाई आणि एक विरत जाणारी आकृती स्वस्तही पडते आणि पडद्यावर शोभूनही दिसते. लिहून सांगितलं तर "तो धूर झाला" हे एक ओळीचं वाक्य आहे. डोळ्यांनी पाहिलं तर अंगावर काटा येतो. १९५८ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या सिनेमात पीटर कुशिंगने खिडकीचा पडदा ओरबाडून काढला आणि क्रिस्टोफर लीचा ड्रॅक्युला उन्हात राख झाला. तिथून पुढे हा नियम जणू काही अनादि काळापासून चालत आलेला, असा झाला.

उन्हाने नाही, तर खरे गावकरी व्हॅम्पायरला मारत कसे?

याला लांब उत्तर द्यावं लागेल, कारण खरा मालमसाला इथे आहे.

१७१८ च्या पासारोवित्झ तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला. नवे सरकार म्हणजे नवे अंमलदार, आणि अंमलदार म्हणजे अहवाल. तोवर गावातल्या गावात उरकली जाणारी गोष्ट अचानक सरकारी कागदावर आली.

१७२५ साली किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसं गेली. मरता मरता त्यांनी सांगितलं, पेटार रात्री येऊन अंगावर बसतो आणि गळा दाबतो. त्याची बायको म्हणाली, तो आपल्याकडे वहाणा मागायला आला होता. एवढं सांगून तिने गावच सोडलं. इथे चावणं, सुळे, मानेवर दोन भोकं यातलं काहीच नाही, हे लक्षात घ्या. फ्रॉमबाल्ड नावाच्या अंमलदाराने बेलग्रेडहून परवानगी येईपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. गावकरी म्हणाले, थांबा कसले, तोपर्यंत गाव ओस पडेल. शेवटी त्याच्या देखत प्रेत उकरलं. नखं नि दाढी वाढलेली, जुनी कातडी सोलून आत नवी आलेली, तोंडात ताजं रक्त. लोकांनी टोकदार लाकूड छातीत ठोकलं, कानातोंडातून रक्त आलं आणि मग प्रेत जाळून टाकलं. अहवालाच्या शेवटी फ्रॉमबाल्डने लिहून ठेवलं, यात काही चुकलं असेल तर दोष माझा नाही, भीतीने वेड्या झालेल्या लोकांचा आहे. सरकारी भाषेतलं हे हात झटकणं तीनशे वर्षांनंतरही ओळखीचं वाटतं!

दुसरं प्रकरण मेद्वेद्या गावचं. तिथला आर्नाउट पावले गवताच्या गाडीवरून पडून मेला. जिवंतपणी तो सांगत असे, कोसोवोकडे असताना एका व्हॅम्पायरने मला छळलं होतं, म्हणून मी त्याच्या थडग्याची माती खाल्ली आणि त्याचं रक्त अंगाला फासलं. (उतारा हा असाही होता, पण सिनेमात कुणी दाखवत नाही.) मेल्यावर तोच लोकांना छळू लागला. चाळीस दिवसांनी उकरलं, खुंटा ठोकला, तर म्हणे तो मोठ्याने कण्हला. काही वर्षांनी गावात पुन्हा तीन महिन्यांत सतरा माणसं गेली तेव्हा लष्करी सर्जन योहान फ्ल्युकिंगर चौकशीला गेला. त्याचा जानेवारी १७३२ चा अहवाल युरोपभर छापला गेला. न कुजलेल्या प्रेतांची मुंडकी उडवली, धडं जाळली आणि राख मोरावा नदीत सोडली, असं त्यात आहे.

म्हणजे गावची रीत अशी: आधी ठोका, नाही जमलं तर मुंडकं छाटा, शेवटी जाळा. आणि हे सगळं पडून असलेल्या प्रेतावर. समोरून चालत येणाऱ्या व्हॅम्पायरशी मारामारी करण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रेतात रक्त कसं असेल? कण्हणं कसं शक्य आहे?

पूर्ण शक्य आहे. प्रेत सडताना पोटात वायू साठतो, अंग फुगतं, फुप्फुसातला तांबूस द्रव तोंडानाकातून बाहेर ढकलला जातो. वरची कातडी सुटते आणि खाली गुलाबी थर दिसतो. कातडी आकसली की नखं आणि दाढी वाढल्यासारखी वाटतात. अशा फुगलेल्या छातीत लाकूड ठोकलं की कोंडलेली हवा घशातून आवाज करत बाहेर पडते. पॉल बार्बरने १९८८ च्या पुस्तकात हे सगळं नीट मांडलं आहे. गावकऱ्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. फसले ते अर्थ लावताना. थंडीत, खोल खड्ड्यात प्रेत किती सावकाश कुजतं याचा अंदाज रोज थडगी न उकरणाऱ्या माणसाला कुठून असणार?

खुंटा लाकडाचाच का? आणि हृदयातच का?

खरी मेख इथेच आहे. खुंट्याचं मूळ काम मारणं नव्हतं. प्रेताला जमिनीशी खिळवून टाकणं हे होतं, तंबूची मेख ठोकतात तसं. म्हणून तो पोटातही ठोकत आणि लोखंडाचाही चाले. बल्गेरियात सोझोपोल इथे २०१२ साली छातीत लोखंड खुपसलेला मध्ययुगीन सांगाडा सापडला. पोलंडमध्ये द्राव्स्कोला गळ्यावर विळे ठेवून पुरलेली माणसं सापडली आहेत: उठायला गेलास तर तुझा तूच कापला जाशील, असा हिशेब.

लाकडातही जात बघत. सर्बियात हॉथॉर्न नावाचं काटेरी झुडूप, रशियात अस्पेन, कुठे अ‍ॅश. ख्रिस्ताचा काट्यांचा मुकुट याच झुडपाचा होता, अशी एक श्रद्धा त्यामागे सांगतात. मला वाटतं काटेरी कुंपणाचं लाकूड हे साधं कारणही पुरेसं आहे. इस्त्रियातल्या क्रिंगा गावच्या युरे ग्रांदोची हकिकत १६८९ साली छापून आली. तो १६५६ मध्ये मेला आणि सोळा वर्षं गावाला छळत राहिला. १६७२ मध्ये गावकऱ्यांनी हॉथॉर्नचा खुंटा मारून पाहिला, तर तो टणकन उडून परत आला. शेवटी मुंडकं छाटलं तेव्हा गावाची सुटका झाली.

इंग्लंडमध्ये व्हॅम्पायर नव्हते, पण खुंटा होता. आत्महत्या केलेल्याला चौरस्त्यावर पुरून अंगात खुंटा ठोकायची चाल तिथे होती. ती कायद्याने बंद झाली १८२३ साली. स्टोकरच्या आजोबांच्या पिढीला ही गोष्ट ठाऊक असणार.

ड्रॅक्युला शेवटी खुंट्यानेच मरतो ना?

नाही. कादंबरीत खुंटा लूसीच्या, म्हणजे ड्रॅक्युलाने व्हॅम्पायर करून सोडलेल्या तरुणीच्या, वाट्याला येतो. ड्रॅक्युलाचा गळा जोनाथन हार्कर कुकरीने चिरतो, होय, गुरख्यांची असते तीच, आणि क्विन्सी मॉरिस हा अमेरिकन आपला मोठा सुरा त्याच्या छातीत खुपसतो. सूर्य नुकता मावळत असतो. ड्रॅक्युलाची क्षणात माती होते.

लसूण कुठून आला?

रुमानियातून, आणि तिथे तो अजूनही आहे. २९ आणि ३० नोव्हेंबरच्या मधली रात्र संत आंद्रेची. त्या रात्री स्ट्रिगोई, म्हणजे तिथली भुतं, मोकाट सुटतात असं मानतात. दारं, खिडक्या, धुराडं, गुरांची शिंगं यांना लसूण चोळतात. काही भागांत तरुण पोरं-पोरी रात्रभर लसणाची राखण करत गाण्यांत जागतात आणि तो राखलेला लसूण पुढे वर्षभर औषध म्हणून वापरतात.

एमिली जेरार्ड ही स्कॉटिश लेखिका, ऑस्ट्रियन सैन्यातल्या अधिकाऱ्याची बायको, काही काळ ट्रान्सिल्व्हेनियात राहिली. १८८५ मध्ये तिने तिथल्या समजुतींवर लेख लिहिला. प्रेताचं मुंडकं छाटून तोंडात लसूण भरतात, हे त्यात होतं. स्टोकर कधीही ट्रान्सिल्व्हेनियाला गेला नाही, पण त्याने हा लेख टिपणं काढून वाचला. त्याच्या कादंबरीत डच डॉक्टर व्हान हेल्सिंग आजारी लूसीच्या खोलीत लसणाची फुलं मांडतो, ती हॉलंडमधून मागवलेली. आणि मग लूसीची आई रात्री येऊन, "काय हा वास!" म्हणत फुलं काढून खिडकी उघडते. सगळ्या कादंबरीत मला सर्वांत भीतिदायक वाटणारं पान हेच. बिचारीने मुलीच्या काळजीपोटीच केलं.

लसूणच का, याचं एकच एक कारण नाही. उग्र वासाने रोगराई पळते हा समज युरोपात सगळीकडे होता आणि प्रेताची दुर्गंधी म्हणजेच रोग असं मानत, म्हणजे वासाला उतारा वास. भूमध्य सागराच्या काठी लसूण दृष्ट लागू नये म्हणूनही टांगतात. आपल्याकडे मात्र उलटी कथा आहे. बॉवर हस्तलिखित म्हणून प्रसिद्ध असलेल्या जुन्या वैद्यकीय पोथीत म्हटलंय, अमृत प्यायलेल्या असुराचा गळा विष्णूने कापला आणि जमिनीवर सांडलेल्या थेंबांतून लसूण उगवला, म्हणून ब्राह्मण तो खात नाहीत. तिकडे लसूण असुराला पळवतो, इकडे तो असुराच्याच अंगचा!

क्रूस आणि पवित्र पाणी?

सिनेमात क्रूस म्हणजे पोलिसाचा बिल्ला. दाखवला की गुन्हेगार मागे सरतो. जुन्या हकिकतींत तो इतका हुकमी नाही.

१७०० सालच्या अखेरची गोष्ट घ्या. तूर्नफोर हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रीसमधल्या मायकोनोस बेटावर होता आणि तिथे एका मेलेल्या माणसाने धुमाकूळ घातल्याची बोंब झाली होती. लोकांनी प्रेताचं काळीज काढून जाळलं, तरी उपद्रव थांबेना, तेव्हा थडग्यात तलवारी खुपसून ठेवल्या. तिथे आलेला एक अल्बानियन हसला आणि म्हणाला, अरे शहाण्यांनो, ख्रिश्चनांच्या तलवारीची मूठ क्रुसासारखी असते; तिच्यामुळे सैतान प्रेतातून बाहेर पडूच शकत नाही. तुर्की तलवारी आणा! इथे क्रूस भुताला पळवत नाही, आत कोंडून ठेवतो. अखेर १ जानेवारी १७०१ ला प्रेत जाळलं. तूर्नफोर हे सगळं नाकाला रुमाल लावून, डोकं धरून लिहितो.

चर्चच्या बाजूने खरा तंटा वेगळाच होता. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ग्रीकांत बहिष्कृत माणसाची माती होत नाही असा समज होता, म्हणजे न कुजलेलं प्रेत हे शापाचं लक्षण. पश्चिमेकडच्या कॅथलिकांत न कुजणं हे संतपणाचं लक्षण. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांपुढे लाखो लोक नतमस्तक होतात. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारलेल्या या माणसाचा देह न कुजता १५५४ मध्ये गोव्यात पोचला, ही त्यामागची श्रद्धा. हाच देह एखाद्या ग्रीक बेटावर उकरला गेला असता, तर? नुसता विचार करून पाहा.

'ड्रॅक्युला'तला क्रूस या दोन जगांच्या मध्ये उभा आहे. ट्रान्सिल्व्हेनियातली खाणावळवाली बाई तो हार्करच्या गळ्यात घालते आणि इंग्लिश प्रोटेस्टंट हार्करला हे मूर्तिपूजेसारखं वाटून अवघडायला होतं. पुढे व्हान हेल्सिंग तर चर्चमधल्या पवित्र भाकरीचा चुरा मळून थडग्याच्या फटी लिंपतो. पवित्र पाण्याचं म्हणाल, तर ते बाटलीत मावतं आणि फेकता येतं, म्हणून सिनेमाला आवडलं.

आरशात तो दिसत नाही, कारण आरशामागे चांदी असते. बरोबर?

हे उत्तर इतक्या आत्मविश्वासाने दिलं जातं की ते चुकीचं आहे हे सांगताना वाईट वाटतं. काचेवर चांदीचा थर चढवायची लीबिगची पद्धत १८३५ ची. त्याआधी शतकानुशतकं आरशामागे कथील आणि पारा असे. लोकपरंपरेत हा गुण असता, तर आरशांच्या इतिहासाशी त्याचा मेळ बसायला हवा होता.

मुळात लोकपरंपरेत हा गुण फारसा नाहीच. तो स्टोकरने आणला. त्याची हस्तलिखित टिपणं फिलाडेल्फियाच्या रोझनबाख संग्रहालयात आहेत. काउंटच्या घरात आरसे नाहीत, तो आरशात दिसत नाही, त्याचं चित्र काढता येत नाही, अशा नोंदी त्यांत आहेत. कॅमेऱ्याचाही विचार त्याने केला होता. घरात माणूस गेला की आरसा झाकायची युरोपातली चाल त्याला माहीत असणार, आणि प्रतिबिंब म्हणजे आत्मा ही समजूत तर जगभर आहे. बाकी कारण साधं: दाढी करताना मागून खांद्यावर हात पडतो आणि आरशात कुणीच नसतं. हा प्रसंग सुचल्यावर कुठला लेखक तो सोडेल?

बोलावल्याशिवाय घरात येत नाही, हे कुठलं?

स्टोकरचा नियम असा: घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा "ये" म्हणायला हवं, नंतर तो हवा तेव्हा येऊ शकतो. वेड्यांच्या इस्पितळात त्याला आत घेतो रेनफिल्ड, तिथला रुग्णच. आणि काउंट स्वतःच्या किल्ल्याच्या दारात हार्करला "स्वखुशीने आत या" म्हणतो, ते याच नियमाचं उलटं टोक. पूर्वसूरी बरेच सापडतात. गटेच्या 'फाउस्ट'मध्ये मेफिस्टोफेलीस या सैतानाला "आत ये" तीनदा म्हणवून घ्यायचं असतं. कोलरिजच्या कवितेत गूढ बाईला उंबऱ्यावरून उचलून आत घ्यावं लागतं.

लोककथेत याच्या जवळ जाणारी गोष्ट ग्रीसच्या खिऑस बेटावरची आहे. लिओ अलातिउसने १६४५ मध्ये ती नोंदली. व्रिकोलाकास, म्हणजे ग्रीकांचा व्हॅम्पायर, दारावर येऊन नावाने हाक मारतो, पण एकदाच. ओ दिली तर दुसऱ्या दिवशी माणूस मरतो, म्हणून खिऑसचे लोक पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. कोकणात वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, कारण "रात्री कुणी हाक मारली तर तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नकोस" हे त्यानेही लहानपणी ऐकलेलं असतं. या दोन समजुतींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. रात्र, दार आणि ओळखीचा आवाज एवढं असलं की ही भीती कुठेही आपोआप तयार होत असावी.

वाहतं पाणी ओलांडता येत नाही?

हा नियम मुळात चेटकिणींचा. स्कॉटिश कवी बर्न्सच्या एका कवितेत चेटकीण डून नदीच्या पुलावर थांबते आणि घोडीची शेपूट तेवढी तिच्या हाती राहते. स्टोकरने तो घेताना भरती-ओहोटीची भर घातली: ड्रॅक्युलाला वाहतं पाणी ओलांडायचं तर भरतीच्या वेळी किंवा पाणी थबकलेलं असतानाच. ग्रीकांचा उपाय जास्त व्यवहारी होता. त्रास देणारं प्रेत होडीत घालून निर्जन बेटावर नेऊन टाकायचं, खारं पाणी ओलांडून ते परत येत नाही. सँटोरिनी बेटाची या बाबतीत इतकी ख्याती होती की "सँटोरिनीला व्हॅम्पायर नेणं" अशी म्हणच पडली. आता तिथे लोक हनिमूनला जातात.

मोहरी किंवा खसखस सांडली की तो मोजत बसतो, हे कुणी बनवलेलं आहे ना?

नाही, यादीतला हा सगळ्यात अस्सल नियम आहे आणि नेमका तोच सिनेमाने टाकून दिला. पूर्व युरोपात थडग्यात किंवा वाटेवर खसखस, भरडधान्य विखुरत. भुताने एकेक दाणा वेचावा आणि तोवर उजाडावं. पोलंडच्या किनाऱ्याकडचे काशुबियन लोक शवपेटीत मासे पकडायचं जाळं ठेवत. वर्षाला एक गाठ सोडवायची, म्हणजे निदान काही शतकांची निश्चिंती!

विल्यम क्रूकने १८९६ मध्ये उत्तर भारताच्या समजुतींवर लिहिताना चुडेलीसाठी मोहरी पेरायची चाल नोंदली आहे. आपल्याकडे मोहरी मिठाबरोबर दृष्ट काढायला येते, मोजायला नाही. पण बारीक, न मोजता येणारा दाणा आणि भूतबाधा यांची जोडी इथेही आहेच. टीव्हीवरचा आकडे मोजणारा काउंट बाहुला या परंपरेतून आला असं सांगतात, पण तो मुख्यतः काउंट म्हणजे सरदार आणि काउंट म्हणजे मोजणे या इंग्रजी शब्दांवरची कोटी आहे.

चांदी?

उसनी. चांदीची गोळी चेटकिणींवर चाले: ग्रिम बंधूंच्या एका गोष्टीत कोटाची चांदीची बटणं बंदुकीत भरतात. तिथून ती लांडगामानवाकडे गेली आणि विसाव्या शतकात व्हॅम्पायरच्याही माथी मारली.

पॉर्फिरिया किंवा रेबीज या रोगांवरून हे सगळं आलं, असं विज्ञान सांगतं ना?

विज्ञान नाही, काही शास्त्रज्ञ सांगतात. १९८५ मध्ये डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञाने पॉर्फिरियाचा सिद्धांत मांडला: या रक्तदोषात उन्हाने कातडी भाजते, लसणाने त्रास वाढत असेल, म्हणून या रोग्यांनाच व्हॅम्पायर मानलं गेलं. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पण उन्हाची भीती तर १९२२ च्या सिनेमातली! जी खोड गावकऱ्यांच्या व्हॅम्पायरला नव्हतीच, तिचं वैद्यकीय कारण शोधून काय हाती लागणार? शिवाय एका दुर्मिळ रोगाच्या खऱ्याखुऱ्या माणसांवर उगाच शिक्का बसला, तो वेगळा. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात जास्त फोफावलेलं आणि सगळ्यात पोकळ स्पष्टीकरण हेच.

स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञ हुआन गोमेझ-आलोन्सो याने १९९८ मध्ये रेबीजचा मुद्दा मांडला: उग्र वास, उजेड, आरसा यांनी रोगी बिथरतो, चावतो, रात्री भटकतो. हे त्यापेक्षा बरं आहे, पण किसिल्येवोचा पेटार चावत नव्हता, गळा दाबत होता. आणि आरसा, पुन्हा, स्टोकरचा.

साथीचे रोग मात्र खरंच या गोष्टीच्या मुळाशी आहेत. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एक्झेटर गावात १८९२ साली क्षयाने एका घरातली माणसं एकामागून एक चालली होती. नुकतीच वारलेली एकोणीस वर्षांची मर्सी ब्राऊन उकरून काढली, तिचं काळीज जाळलं आणि राख औषध म्हणून आजारी भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. घरातला एक मेला की त्याच्या जवळचा आजारी पडतो, हे त्यांनी अचूक पाहिलं होतं. जंतू दिसत नव्हता, मेलेला माणूस आठवत होता.

आपला वेताळ म्हणजे व्हॅम्पायरच का?

हा घोळ रिचर्ड बर्टनने घातला. त्याने १८७० मध्ये वेताळाच्या अकरा गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हॅम्पायर केलं. सदाशिव काशीनाथ छत्र्यांची मराठी 'वेताळ पंचविशी' त्याच्या चाळीस वर्षं आधीची, तिला असला गोंधळ घालायची गरज पडली नव्हती. स्टोकर बर्टनला भेटलाही होता आणि त्याच्या सुळ्यासारख्या दाताचं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे, त्यावरून लोक बरेच मनोरे रचतात.

वेताळ प्रेतात शिरतो एवढंच साम्य. तो विक्रमाचं रक्त पीत नाही, त्याला कोडी घालतो. आणि दुर्बळता आहे ती विक्रमाची: तोंड उघडलं की वेताळ निसटून परत झाडावर. कोकणात आणि गोव्यात तर तो ग्रामदेव, गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण देव रात्री गावाची गस्त घालतो आणि त्या झिजतात. इकडे वेतोबाला वहाणा आपण देतो, तिकडे पेटार ब्लागोयेविचने वहाणा मागितल्या म्हणून त्याच्या बायकोने गाव सोडलं.

आता कुणी असलं काही करतं का?

२०२२ मध्ये पोलंडच्या पिएन गावात सतराव्या शतकातल्या एका बाईचा सांगाडा सापडला, गळ्यावर विळा आणि पायाच्या अंगठ्याला कुलूप. ते जुनं झालं. पण २००४ साली रुमानियातल्या मारोतिनु दे सुस गावात एका घराने आपल्याच मेलेल्या नातेवाइकाचं प्रेत उकरलं, काळीज काढून जाळलं आणि राख पाण्यातून प्यायले. पोलिसांनी प्रेताची विटंबना केल्याबद्दल गुन्हा दाखल केला तेव्हा गावकऱ्यांना नवल वाटलं, कारण आजारी माणूस त्यानंतर उठून बसला होता.

तुम्हाला स्वतःला सगळ्यात आवडलेला व्हॅम्पायर कोणता?

भोपळा. सर्बियातले वुकानोविच हे अभ्यासक विसाव्या शतकात रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांच्या समजुती गोळा करत होते. भोपळा आणि कलिंगड दहा दिवसांपेक्षा जास्त, किंवा नाताळ उलटून गेल्यावरही घरात ठेवलं तर त्याचं व्हॅम्पायर होतं, असं त्यांना सांगण्यात आलं. मग ते रात्री घरभर गडगडत फिरतं, गोठ्यात शिरतं. लोक त्याला फारसे भीत नाहीत, कारण त्याला दात नसतात. लसूण, क्रूस, ऊन यांतलं काहीच त्यासाठी लागत नाही: उकळत्या पाण्यात बुडवायचं, पाणी ओतून टाकायचं, केरसुणीने खसाखसा घासून फेकून द्यायचं आणि मग ती केरसुणी जाळायची.